बंदर पास, धक्का नापास

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गोष्ट फेब्रुवारीतली. दुपारी साडेचारच्या सुमारास एका तांडेल मित्राचा फोन आला. "पत्रकारानू, बंदरात शिडाची होडी इली हा. पांढरी. बाईमाणूस पण आसा. येतास?"

देवगडात होड्यांचं कौतुक कुणाला? पण शिडाची होडी म्हटल्यावर मी हातातली बातमी तशीच ठेवली आणि निघालो. धक्क्यावरून पाहिलं तर खरंच, ट्रॉलरांच्या रांगेपलीकडे एक पांढरी, उंच डोलकाठीची नौका नांगरावर शांत उभी होती. मित्राच्या पातीतून आम्ही जवळ गेलो. आत साठीच्या पुढचं एक जोडपं. काका निवृत्त इंजिनिअर, काकू निवृत्त शिक्षिका, दोघं पुण्याची. नौका मुंबईत ठेवलेली. तिथून निघून दिघी, जयगड असे मुक्काम करत ते आमच्याकडे पोहोचले होते, पुढे गोव्याला जायचं होतं. छत्तीस फुटांची नौका, माणसं दोनच.

काकांकडे एक वही होती. प्रत्येक मुक्कामाच्या बंदराबद्दल ते तिच्यात लिहून ठेवतात, पुढच्या वेळी उपयोगी पडावं म्हणून. ओळखीच्या दुसऱ्या नौकावाल्यांनाही तीच माहिती देतात. मी पत्रकार, त्यामुळे विचारल्याशिवाय राहवलं नाही. म्हटलं, "काका, आमच्या बंदराला किती मार्क?"

ते हसले. म्हणाले, "बंदराला विचारताय की धक्क्याला?"

तेव्हा मला प्रश्न नीट कळला नाही. पुढच्या तीन-चार तासांत कळला. तेच आज लिहितोय.

आधी बंदराबद्दल. मुक्कामाचं बंदर कसं जोखायचं हे त्या संध्याकाळी मी काकांकडून शिकलो. आपण मासळीवरून, पर्यटकांवरून किंवा वर्तमानपत्रातल्या घोषणांवरून बंदर जोखतो. लांबून समुद्रातून येणारा माणूस आधी एकच गोष्ट बघतो : रात्री इथे झोप लागेल का?

झोप लागायची तर आडोसा हवा. आमच्या किल्ल्याचं टोक समुद्रात पुढे आलंय आणि त्याच्या मागे बंदर आत वळून लपलंय. बाहेर समुद्र खवळलेला असतानाही आत पाणी निवांत असतं. ही काही आमची गाववाल्यांची बढाई नव्हे. १८८० सालच्या इंग्रजांच्या रत्नागिरी गॅझेटिअरमध्येही हे बंदर चहूबाजूंनी जमिनीने वेढलेलं आणि सुरक्षित असल्याची नोंद आहे. कोकण किनाऱ्यावर हे सुख सगळीकडे नाही. दक्षिणेला मालवण सुंदर, पण सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती पाण्याखाली खडकच खडक. जागा निवडताना शिवाजी महाराजांना तेच हवं होतं, म्हणजे शत्रूचं जहाज जवळ येताना दहादा विचार करील. आज पाहुण्यालाही दहादा विचार करावा लागतो. उत्तरेला विजयदुर्ग, वाघोटण खाडीच्या तोंडावर. तिथे पाणी आपल्यापेक्षा खोल, मोठं गलबतही आत येईल. पण विजयदुर्ग सोडून गोव्याकडे निघालेल्याला वाटेत वारा फिरला, उशीर झाला, तर हक्काचा आडोसा म्हणजे देवगड.

दुसरी गोष्ट, बंदर लांबून सापडलं पाहिजे. आमच्या किल्ल्यावर १९१५ पासून दीपगृह आहे, आणि दिवसा पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. काका म्हणाले, "पवनचक्क्या दिसल्या आणि जीव भांड्यात पडला."

तिसरी, नांगर धरला पाहिजे. खडकावर नांगर घसरतो, चिखलात रुततो. आमच्या बंदरात गाळ इतका की नांगराला काळजी नाही. ज्या गाळाच्या नावाने आपण वर्षानुवर्षं बोंब मारतो, त्याला मार्क देणारा पहिला माणूस मला त्या दिवशी भेटला. पण तोच गाळ पुढच्या प्रश्नाला आडवा येतो. अशा नौकेचा कणा पाण्याखाली दोन मीटरच्या आसपास असतो. ओहोटीला आतल्या भागात तेवढं पाणी उरत नाही. म्हणून नांगर बाहेरच्या बाजूला टाकायचा. वर खोलीच्या निदान पाचपट साखळी सोडायची, म्हणजे ओढ आडवी बसते आणि नांगर उखडत नाही. एवढी साखळी सोडल्यावर वारा फिरेल तशी नौका गोल फिरते, आणि त्या वर्तुळात दुसरी होडी नको. हंगामात आमच्या बंदरात एवढी मोकळी जागा मिळवणं म्हणजे एसटी स्टँडवर चतुर्थीच्या आदल्या दिवशी बसायला बाक शोधण्यासारखं.

चौथी गोष्ट अंतर. मुंबईपासून आम्ही सुमारे दीडशे सागरी मैल, पणजीपासून साठेक. शिडाची नौका तासाला पाच सागरी मैल चालते असं धरा. म्हणजे पहाटे देवगडहून निघालं तर संध्याकाळी अग्वादचा किल्ला दिसतो. वाराही साथ देतो. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवा. ऑक्टोबर ते मे या मोसमात पहाटे जमिनीकडून वारा, दुपारनंतर समुद्राकडून, बहुधा वायव्येचा. दक्षिणेला जाणाऱ्याला तो पाठीशी. परतीला तोच वारा नाकावर, आणि तेव्हा अशा मधल्या मुक्कामाची किंमत दुप्पट.

थोडक्यात, देवाने आणि डोंगराने जे द्यायचं ते आम्हाला भरभरून दिलंय. आता आपण काय केलं ते बघू.

काका-काकूंना जमिनीवर यायचं होतं. छोट्या रबरी होडीतून ते धक्क्याला आले. ओहोटी होती. उधाणाच्या दिवसांत आपल्याकडे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. आम्हाला सवय आहे. भरतीला धक्क्याच्या बरोबरीने असलेली होडी ओहोटीला खाली खड्ड्यात गेल्यासारखी दिसते. खालच्या पायऱ्या शेवाळाने बुळबुळीत, कडेला कालवं चिकटलेली. काकूंचा पाय घसरला आणि कालवाने टाच कापली. मोठं काही नाही, पण रक्त बरंच आलं. शेजारच्या होडीवरचा एक नेपाळी खलाशी धावत आला. त्याने हात दिला, पाणी ओतलं, स्वतःचा गमछा फाडून बांधला. काकू म्हणाल्या, "किती दिवस झालेत रे या पायऱ्यांना?" तो हसला. त्याला मराठी कळलं असेल असं मला वाटत नाही.

मग पाणी. त्यांच्याकडे वीस लिटरचे दोन कॅन होते. धक्क्यावर नळ होता. नळ होता म्हणजे तोटी होती. फिरवली, हवा आली. कुणी म्हणालं सकाळी येतं, कुणी म्हणालं परवापासून नाही. शेवटी जवळच्या एका घरातल्या वहिनींनी विहिरीवरून दोन्ही कॅन भरून दिले, वर चहा केला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. आमच्या तांडेल मित्राला मात्र ते लागलं. परत येताना तो मला म्हणाला, "पाहुणो इल्यावर आपण पयलो पाण्याचो तांब्यो देतो. हय धक्क्यार आमकाच तांब्यो नाय, तर पाहुण्याक खयसून देतलास?"

मग कचरा. काकूंनी चार दिवसांचा कचरा बांधून पिशवीत आणला होता, समुद्रात टाकायचा नाही म्हणून. ती पिशवी हातात धरून त्या विचारत होत्या, कुठे टाकू? दोघांनी धक्क्याच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवलं. मागच्या बाजूला म्हणजे भरतीचं पाणी जिथे पोहोचतं तिथे. काकूंनी पिशवी परत नौकेवर नेली. गोव्यापर्यंत.

डिझेल, भाजी, मासे यांची अडचण नव्हती. सोसायटीचा पंप मच्छीमारांसाठी, करात परतावा मिळणारं डिझेल तिथे, ते पाहुण्याला द्यायचं नाही हे बरोबरच. रिक्षा केली, शहरातल्या पंपावरून कॅन भरून आणले. बाजारात भाजी, पाव, अंडी सगळं मिळालं. आंब्याला अजून वेळ होता, तरी पाहुण्यांना एक पेटी पाठवायचं वचन दोघातिघांनी दिलं. ते त्यांनी पाळलं की नाही मला माहीत नाही. आपण देवगडवाले वचनाला उदार.

मग कागद. काकांनी सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत आणले होते : नोंदणी, विमा, ओळखपत्रं. कुठे द्यायचे? आम्ही एका कार्यालयात गेलो. तिथले साहेब सज्जन, पण म्हणाले हे आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे गेलो, ते म्हणाले पहिल्यांकडे जा. तिसरीकडे कुलूप. शेवटी नऊ वाजता एक पोलीस शिपाई स्वतःहून होडीतून नौकेवर आले, कागद पाहिले, वहीत नोंद केली, मोबाईल नंबर घेतला, चहा प्यायले आणि "काही लागलं तर फोन करा" म्हणून गेले. पंधरा मिनिटांत काम. हीच पंधरा मिनिटं संध्याकाळी पाच वाजता का मिळाली नाहीत? शिपायाचा दोष नाही. पाहुण्याने कुणाला भेटायचं हे कुठे लिहिलेलंच नाही.

आता ज्या गोष्टीसाठी ही सगळी पोस्ट लिहितोय ती.

काकूंना शौचालय हवं होतं. नौकेवर त्यांची सोय असते, पण त्या बराच वेळ आमच्याबरोबर किनाऱ्यावर फिरत होत्या. धक्क्याजवळचं शौचालय बंद, कुलूप लावलेलं. किल्ली कुणाकडे हे विचारत आम्ही फिरलो. मासे विकणाऱ्या एका मावशीला विचारलं. गेली पंधरा-वीस वर्षं तिला मी या धक्क्यावर बघतोय. ती काकूंकडे बघून म्हणाली, "बाय, आमी पाणीच पिवक नाय."

काकूंना समजलं नाही. मी समजावून सांगायला गेलो आणि माझ्याच तोंडून शब्द फुटेना. ही बाई पहाटे चारला लिलावाला येते. दहा-अकरापर्यंत धक्क्यावर असते, मग टोपली घेऊन गावात. मध्ये जायला जागा नाही म्हणून ती पाणी पीत नाही. एप्रिलमध्येही. तिच्यासारख्या बाकीच्याही. मी याच धक्क्यावरून सुरमईचे भाव, वादळाचे इशारे, मंत्र्यांचे दौरे, पर्ससीनचे वाद सगळं लिहिलं. हे कधी लिहिलं नाही. कारण मला कधी विचारावंच लागलं नाही. विचारलं ते एका पाहुणीने.

आपल्या घराचंही असंच असतं. पाहुणा येणार म्हटलं की फुटका नळ दिसतो, बाथरूमची तुटलेली कडी दिसते. पाहुणा नसता तर आणखी पाच वर्षं दिसली नसती.

घरी आल्यावर मी माझ्या वहीत गुणपत्रिका केली. काकांचे निकष, मार्क माझे. प्रत्येकाला १० पैकी.

आडोसा : ९
बंदर सापडणं, खुणा : ८
नांगराची पकड : ८
माणसं : ९
पाण्याची खोली आणि मोकळी जागा : ५
डिझेल, बाजार, दुरुस्ती : ७
धक्क्यावर उतरणं-चढणं : ३
पिण्याचं पाणी : २
शौचालय आणि कचरा : २
नोंद आणि कागद : ४

एकूण १०० पैकी ५७. सेकंड क्लास. पण बेरीज फसवी असते. निसर्ग आणि माणसं यांचे पहिले चार विषय घ्या, ४० पैकी ३४. आपण, म्हणजे आपलं शासन, आपली कार्यालयं आणि आपण निवडून दिलेले लोक यांनी करायचे शेवटचे चार विषय घ्या, ४० पैकी ११. काकांचा प्रश्न तेव्हा कळला. बंदर पास. धक्का नापास.

आडोशाला मी ९ दिले, १० नाही, याचंही कारण आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात याच आपल्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौका बुडाल्या आणि खलाशांचे जीव गेले. ती पहाट इथल्या कुणी विसरलेलं नाही. सुरक्षित बंदर म्हणजे बेफिकीर राहण्याचा परवाना नव्हे. नांगर, दोर, पायऱ्या, दिवे, हाकेला धावून येणारी यंत्रणा हे सगळं मिळून सुरक्षित बंदर होतं.

आता काही आक्षेप. ते येणार हे माहीत आहे, कारण धक्क्यावर त्याच रात्री आले.

पहिला : "श्रीमंतांच्या खेळण्यांसाठी आता आपण खर्च करायचा?" आक्षेप योग्य आहे. म्हणून स्पष्ट लिहितो, मला मरिना नको. आपल्याकडे पर्यटनाचं भाषण आलं की मरिना हा शब्द पण येतो, काचेच्या इमारतीच्या चित्रासकट. कोचीला बोलगट्टी बेटावर केरळच्या पर्यटन महामंडळाने मरिना केली आहे. कोचीला शोभते, मोठं बंदर आहे, परदेशी नौकांचा रस्ता आहे. परदेशी झेंड्याच्या नौकेला देशात शिरताना कस्टम-इमिग्रेशन मोठ्या बंदरात उरकावं लागतं, ती थेट देवगडला टपकणार नाही. आपल्याकडे येणार त्या मुंबई-गोवा करणाऱ्या मोजक्या नौका. एका मोसमात किती? हाताची बोटं पुरतील. त्या दोनशे लिटर पाणी, थोडं डिझेल, चार किलो मासे घेतील आणि एक दिवस जेवतील. त्यावर देवगड श्रीमंत होणार नाही. जो नेता तसं सांगेल त्याला वही दाखवा.

दुसरा आक्षेप : "मग या मोजक्या नौकांसाठी एवढी लांबण कशाला?" कारण पाहुणे म्हणजे फक्त त्या पांढऱ्या नौका नाहीत. नीट बघितलं तर देवगड हे वर्षानुवर्षं पाहुण्यांचंच बंदर आहे. समुद्रात वादळ उठलं की गुजरातच्या, मलपीच्या, गोव्याच्या, रत्नागिरीच्या नौका कुठे येतात? आपल्याकडे. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळात आल्या, त्याआधी आल्या, त्यानंतरही आल्या. त्यांचे तांडेल शेकडो मैलांवरून आपलं बंदर जोखून येतात. तेही कधीच्या काळापासून, कुठल्याही वहीशिवाय. त्यांनी आडोशाला पैकीच्या पैकी मार्क कधीच दिलेत. प्रत्येक नौकेवर सहा-आठ, कधी जास्त खलाशी. दोन-तीन दिवस, कधी आठवडा ती माणसं बंदरात अडकून राहतात. त्यांना प्यायला पाणी लागतं, जायला जागा लागते, ओहोटीला धक्क्यावर चढायला धड शिडी लागते. त्यांनी कधी तक्रार केली नाही. परक्या गावात, परक्या भाषेत, वादळातून जीव वाचवून आलेला माणूस नळाबद्दल तक्रार करत नाही. म्हणून आपणही कधी ऐकली नाही.

आणि रोजचे आपले लोक तर पाहुणेही नाहीत. घरचेच. त्यांची तक्रार ऐकण्याची गरजच कुणाला वाटत नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. "कोणीही शिडाची होडी घेऊन येईल आणि आपण पाणी देऊ? २००८ विसरलात?" विसरलो नाही. मुंबईवरचे हल्लेखोर समुद्रातूनच आले, 'कुबेर' नावाची मासेमारी नौका ताब्यात घेऊन. त्यानंतर आपल्या मच्छीमारांना ओळखपत्रं आली, होड्यांना रंग ठरले, समुद्रात तपासण्या वाढल्या. चार पिढ्या समुद्रात जाणाऱ्याने आपण कोण ते रोज सिद्ध करायचं, हे त्याने निमूट स्वीकारलं. मग बाहेरून येणाऱ्या नौकेची नोंद कुठे, कशी, हे पक्कं नसणं जास्त धोक्याचं नाही का? काका सज्जन होते, स्वतः कागद घेऊन तीन दारं फिरले. उद्या दुसरा कुणी फिरणार नाही, कारण फिरण्याचा कंटाळा येतो. एक ठिकाण, एक नंबर, एक कागद असेल तर नोंद होईल. नोंद म्हणजेच सुरक्षा.

चौथा आक्षेप माझ्या तांडेल मित्राचाच, आणि सर्वांत खरा. "उद्या ह्येंच्या पाच-धा होड्यो इल्यो, तर आमी खय नांगरूचा?" जागा मुळात कमी आहे. हंगामात आपल्याच नौका दाटीने उभ्या असतात. पाहुण्याचा नांगर येण्याजाण्याच्या वाटेत पडला, रात्री जाळं त्याच्या पंख्यात अडकलं, तर नुकसान दोघांचं आणि भांडण गावाचं. म्हणून पाहुण्यांसाठी बाहेरच्या बाजूला, वाट सोडून, दोन पक्के बोये टाकावेत. तळाला कायमचं वजन, वर बोया. पाहुण्याने त्यालाच बांधायचं, रात्रीचं माफक भाडं द्यायचं. नांगराला लागतं तेवढं वर्तुळ मग लागत नाही. जागा कुठली, हे मच्छीमारांनी ठरवावं, कार्यालयात बसून नकाशावर नको. भाडं जमेल ते धक्क्याच्या साफसफाईला. वादळात मात्र ते बोयेसुद्धा मच्छीमारांचे. पहिला हक्क पोटासाठी समुद्रात जाणाऱ्याचा, हौसेसाठी जाणाऱ्याचा नंतर. हे मी काकांनाही बोललो. ते म्हणाले, "अर्थात."

तर माझी मागणी छोटी आहे. मुद्दाम छोटी ठेवली आहे, म्हणजे निधी नाही असं म्हणता येऊ नये.

धक्क्यावर चोवीस तास पाणी देणारी एक टाकी आणि चार नळ.

बायकांसाठी आणि पुरुषांसाठी वेगळं शौचालय, पहाटे तीनपासून उघडं, आणि ते साफ ठेवणारा पगारी माणूस. फक्त इमारत नको. इमारती आपल्याकडे पुष्कळ आहेत, कुलपंही.

ओहोटीला उतरता येईल अशी शिडी, किंवा भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारा एक छोटा तरंगता धक्का. पायऱ्यांवरची कालवं आणि शेवाळ दर महिन्याला खरवडणं.

कचऱ्याचे डबे आणि जळक्या ऑइलसाठी एक पिंप. ते ऑइल आज कुठे जातं हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

चालू असलेले दिवे.

एक फलक, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत : बाहेरून येणाऱ्या नौकेने इथे फोन करावा. खाली एक नंबर, आणि तो उचलणारा माणूस.

वर सांगितलेले दोन बोये.

गाळाचं काम मोठं आहे, ते या यादीत घालत नाही. त्यासाठी वेगळी पोस्ट लिहीन, वेगळ्या रक्तदाबाने.

ही यादी परत वाचा. यातल्या बोया आणि फलक सोडून एक तरी गोष्ट फक्त पाहुण्या नौकेसाठी आहे का? ती नौका वर्षात फार तर दहा-पंधरा दिवस इथे असेल. जून-जुलैची मासेमारी बंदी सोडली तर उरलेले दिवस या नळावर, या शिडीवर, या शौचालयात कोण असेल? म्हणून मी म्हणतो, बंदर पाहुण्याच्या डोळ्यांनी जोखा, पण दुरुस्त करा घरच्यांसाठी. घरच्यांना जे पुरेल ते पाहुण्याला पुरून उरतं. उलटं केलं तर मरिना होते, आणि तिच्या दारावर वॉचमन बसतो, आणि मावशी तरीही पाणी पीत नाही.

आपला जिल्हा १९९७ साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. डिसेंबर २०२३ मध्ये नौदल दिन आपल्या जिल्ह्यात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने झाला. आरमाराचा वारसा आपण भाषणात रोज सांगतो. शिडाची नौका घेऊन एकट्याने जगाला फेरी मारणारा पहिला भारतीय, कमांडर दिलीप दोंदे, मराठी माणूस. त्यांची 'म्हादेई' शेजारच्या गोव्यात बांधलेली. म्हणजे शीड आपल्याला परकं नाही, समुद्रही नाही. आपल्याला परका झालाय तो जमीन आणि पाणी यांच्या मधला दहा पायऱ्यांचा तुकडा. तो कुणाचाच नाही. एका खात्याचा म्हणावा तर दुसऱ्याचा, दुसऱ्याचा म्हणावा तर तिसऱ्याचं कुलूप.

काका-काकू दुसऱ्या दिवशी पहाटे निघाले. मतलई वारा होता, शीड भरलं आणि नौका किल्ल्याच्या टोकापलीकडे गेली. संध्याकाळी काकूंचा मेसेज आला : पोहोचलो, टाच बरी आहे. त्या वहिनींना आणि गमछावाल्या मुलाला सांगा. खाली त्यांनी एक प्रश्न विचारला होता, मी त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही. "त्या मावशींसाठी शौचालयाची किल्ली मिळाली का?"

उत्तर द्यायचं आहे. म्हणून या यादीचं निवेदन तयार केलंय. येत्या सोमवारी ते संबंधित सगळ्या कार्यालयांत एकाच दिवशी देणार आहे, म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही" म्हणायला जागा राहणार नाही. निवेदनावर पहिली सही मावशीची आहे. तिने मला दोनदा विचारलं, "म्हज्या सहीन काय होताला?" मी म्हटलं, तुझ्या सहीने नाही झालं तर कुणाच्याच सहीने होणार नाही.

रविवारी सकाळी सहा वाजता, लिलावाच्या वेळी, मी धक्क्यावर निवेदन घेऊन उभा असेन. सही करायची असेल त्यांनी या. घोषणा नाहीत, बॅनर नाही, कुणाचा फोटो नाही. येताना एक बाटली पाणी आणा, स्वतःसाठी नको.